रेघ मारलेला नट

माझ्या मामाच्या घरात खडू कुठेही सापडतो. शेगडीच्या मागे, पाण्याच्या टाकीवर, दाराच्या वरच्या कडेला, कधी चपलेत. तो मास्तर नव्हता. सत्तावीस वर्षं एका गॅरेजमध्ये कामाला होता, त्यातली निम्मी टायर विभागात. गॅस बंद केला की तो बटणावर खडूची एक बारीक रेघ मारतो. दाराला कडी घातली की कडीवर मारतो, नळ बंद केला की तोटीवर. सकाळी मामी ओलं फडकं घेऊन सगळ्या रेघा पुसते, संध्याकाळपर्यंत त्या पुन्हा उगवलेल्या असतात. मामी म्हणते, या घरात रेघ न मारलेली मी एकटीच उरले आहे, आणि त्याला कारण एवढंच की मी एका जागी थांबत नाही.

लहान असताना मला हा मामाचा खेळ वाटायचा. मीही त्याच्या मागे फिरत रेघा मारायचे. एकदा मी उघड्याच नळावर रेघ मारली. मामा ओरडला नाही, त्यानं माझ्या हातातून खडू काढून घेतला. त्यानं नळ बंद केला, रेघ पुसली, परत मारली, आणि बराच वेळ त्या तोटीकडे बघत उभा राहिला. मी आईला जाऊन विचारलं, मामाला काय झालंय. आई म्हणाली, त्याला काही झालेलं नाही, तेच त्याचं दुखणं आहे.

मला ते समजायला इंजिनिअर व्हावं लागलं. मी पंपांच्या कारखान्यात चाचणी विभागात लागले आणि पहिल्या आठवड्यात टॉर्क पाना हातात आला. लांब दांड्याचा हा पाना. त्यावर आधी जोर ठरवून ठेवायचा, आणि नट तेवढा आवळला गेला की तो 'टक्' करतो, हाताला हलकासा झटका देतो. मी हौसेनं मामाला सांगायला गेले. मामा ऐकून घेत होता, पण मी तोंडानं 'टक्' म्हटलं तसा तो उठून मागच्या शेडकडे गेला. मग मामीनं इस्त्री बाजूला ठेवली आणि एकोणीस वर्षांपूर्वीची हकीकत सांगितली.

मामाच्या गॅरेजात एक शिस्त होती. चाक बसवताना नट आधी गननं, म्हणजे हवेवर चालणाऱ्या इम्पॅक्ट रेंचनं, अर्ध्या जोरावर घ्यायचे. मग गाडी जॅकवरून उतरवून प्रत्येक नट टॉर्क पान्यानं 'टक्' होईपर्यंत ओढायचा आणि त्यावर खडूची रेघ मारायची. रेघ म्हणजे सही. गाडी सोडणारा फक्त रेघा बघायचा. पण गर्दी असली की सगळेच थोडी चलाखी करायचे. खडू पाच वेळा खिशातून काढण्यापेक्षा पाची नटांवर आधीच रेघा मारून मोकळं व्हायचं आणि मग पाना फिरवायचा. त्यात अर्धं मिनिट वाचायचं. एवढ्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्या दिवशी मामानं पुढच्या डाव्या चाकावर पाच रेघा मारल्या, पाना लावला, आणि तेवढ्यात शेजारच्या गाडीखालचा जॅक घसरला. एकाचा पाय अडकला होता. मामा धावला. पाय सुखरूप निघाला, सगळे हुश्श करून परतले. मामा आपल्या गाडीपाशी आला तेव्हा चाकावर पाच रेघा होत्या. गाडीचा मालक सव्वीस वर्षांचा मुलगा होता, किल्ली बोटावर फिरवत उभा होता. त्यानं विचारलं, "झालं ना?"

मामा म्हणाला, "झालं."

नवव्या दिवशी उतारावर ते चाक निघालं. मुलगा अकरा दिवस जगला.

चौकशी झाली. मधल्या काळात त्या मुलानं रस्त्याकडेला कुठे तरी पंक्चर काढून घेतलं होतं, आणि ते कोणत्या चाकाचं होतं हे पंक्चरवाल्याला आठवेना. म्हणून कुणावरच काही सिद्ध होऊ शकलं नाही. गॅरेजचा मालक मामाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, सुटलास बाबा. मामानं बदली मागून घेतली आणि नोकरीची उरलेली वर्षं स्टोअरमध्ये सुटे भाग देत काढली. त्यानं गन परत हातात धरली नाही. रस्त्यानं जाताना कुठल्या दुकानातून तिचा टर्रर्र आवाज आला की बोलता बोलता थांबतो आणि आवाज थांबेपर्यंत पुढचा शब्द काढत नाही. आणि कुठलंही काम संपलं की 'झालं' म्हणत नाही. मामीनं विचारलं, कपाट दुरुस्त झालं का, तर म्हणतो, "बघ एकदा."

त्याला शिक्षा झाली असती तर ती भोगून संपली असती, असं मामीला वाटतं. त्याला फक्त एक हिशेब उरला, न सुटणारा. त्या दिवशी 'टक्' किती वेळा ऐकू आलं होतं? दोनदा नक्की. पुढचे तीन कधी आठवतात, कधी आठवत नाहीत. ताटावर बसलेला असताना त्याचा घास मधेच थांबतो. मामीला कळतं की हा मोजतो आहे.

हे सगळं आमच्या अंगाशी आलं ते आईच्या आजारपणामुळे. आईची दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यावं लागतं, आणि ते केंद्र बेचाळीस किलोमीटरवर आहे. बाबा नाहीत, माझी कामाची पाळी बदलती. मामानं कुणाला न विचारता ते काम उचललं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, त्याची जुनी गाडी पहाटे आमच्या दारात. निघण्याआधी तो गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारतो, वाकून वीसच्या वीस नटांवरच्या रेघा बघतो. रेघ अशी मारलेली असते की अर्धी नटावर आणि अर्धी चाकावर, पुसट झाली की त्याच जागी पुन्हा गिरवलेली. नट केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. आई काच खाली करून म्हणते, अरे, सापडले का सगळे, की एखादा फिरायला गेलाय?

गाडीची चाकं त्यानं दुसऱ्या कुणाला कधी हात लावू दिली नाहीत. सगळं स्वतः, घरच्या शेडमध्ये, हातपान्यानं. पण तीन महिन्यांपूर्वी चाकं आलटून पालटून लावली आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा उजवा खांदा उचलेना. पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा ओढून बघायचा त्याचा नेम, तो पहिल्यांदाच चुकला. डॉक्टरांनी सांगितलं, खांद्यातला स्नायू फाटला आहे, ओढायचं काम बंद. मामानं मान डोलावली. ते ठीक होतं, चाकं काढायची वेळ लांब होती. पण एका शनिवारी परत येताना पुढचा ब्रेक खर्रर्र घासायला लागला. ब्रेकची पॅड संपली होती. ती बदलायची तर चाक काढायलाच हवं, आणि मंगळवारच्या आत.

गॅरेजमध्ये टाकू या, असं मी म्हणायच्या आधीच मामानं माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य गिळलं. गॅरेजात टाकली तर त्या गाडीत तो आईला बसवणार नव्हता. आणि स्वतः करायचं तर खांदा नव्हता. मी म्हटलं, घरी वापरायची इम्पॅक्ट रेंच मिळते आता, बॅटरीवरची. माझ्या तोंडून ते निघालं आणि मामी पटकन स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. मामानं डाव्या हातानं उजवा खांदा दाबून बघितला. थोड्या वेळानं म्हणाला, "काढायला. लावायला नाही."

मला तेवढं पुरेसं होतं. मी त्या रात्रीच चौदा यंत्रांचा तक्ता तयार केला. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला जोर हा बहुतेक वेळा घट्ट बसलेला नट सोडवण्याचा असतो, आवळण्याचा कमी असतो. तो वेगळ्या रकान्यात घेतला. बॅटरीसकट वजन, तोंडाचा चौकोन अर्धा इंची आहे की नाही, चाकाच्या खोलगट भोकात गोटी, म्हणजे नटावर बसणारी नळी, जाईल का, वेग किती टप्प्यांत. मामानं तक्ता चष्मा लावून वाचला आणि म्हणाला, यातला नवरा म्हणून कोणता निवडणार आहेस? मामी हसली. कित्येक दिवसांत त्यानं केलेला तो पहिला विनोद होता, म्हणून मीही मुद्दाम जास्त हसले.

रविवारी सकाळी आम्ही दोघं अवजारांच्या दुकानात गेलो. विक्रेत्यानं सवयीनं सगळ्यात मोठं यंत्र पुढे केलं. काका, हजार न्यूटन-मीटर आहे, काहीही सुटेल. मामा म्हणाला, माझ्याकडे ट्रक नाही. मीही सांगितलं की या गाडीचे नट एकशे दहाला आवळतात, गंजून धरले तरी तीनशेच्या वर लागणार नाहीत. उगाच जोर वाढवला तर नटाऐवजी आतला बोल्टच तुटेल. विक्रेत्यानं मग धाकटं काढलं, पावणेदोन किलोचं. टेबलावर चाकाचा एक सांगाडा ठोकलेला होता. त्यानं काळी, जाड गोटी लावली. चकचकीत गोटी या ठोक्यांनी तडकते, म्हणून यांना वेगळी लागते. आणि घट्ट नटावर धरून खटका दाबला.

टर्रर्रर्र.

मामाचा हात शेजारच्या फळीवर गेला. तिथली स्क्रूची डबी पडली, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्याचं सगळं अंग त्या आवाजाकडे वळलं होतं, दुसऱ्या खोलीतून कुणी तरी आपलं नाव घेतल्यावर माणूस वळतो तसं. मी त्याचं लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून घाईघाईनं बोलायला लागले. आत एक हातोडा असतो, म्हटलं, पण तो सतत मारत नाही. नट अडला तरच तो ठोके द्यायला लागतो. नट अडलाच नाही तर नुसती मोटर फिरते, घुंई करून.

मामानं पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "म्हणजे नट सैल असेल तर याला कळतं?"

"त्याला नाही कळत. ऐकणाऱ्याला कळतं."

मग त्यानं विक्रेत्याला नट सैल करायला लावला. घुंई. घट्ट करायला लावला. टर्रर्र. पुन्हा सैल. असं सहा वेळा. विक्रेता माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. शेवटी मामा म्हणाला, हेच द्या. माझ्या तक्त्यात ते पाचव्या नंबरवर होतं.

दुपारी शेडमध्ये गाडी घेतली. नट आधी गाडी जमिनीवर असतानाच सोडवायचे असतात, म्हणजे चाक फिरत नाही. मामानं गन हातात घ्यायला वेळ लावला. वजन तोललं, बॅटरी काढून परत बसवली, फिरण्याची दिशा दोनदा तपासली. खडू कानामागे होता. मग तो पुढच्या डाव्या चाकापाशी स्टुलावर बसला. आई त्याच बाजूला बसते.

पहिला नट. टर्रर्र, आणि सुटला. दुसरा, टर्रर्र. तिसऱ्याला मामाचे खांदे जरा सैल झाले. चौथा सुटल्यावर त्यानं मान वळवून मला म्हटलं की बरी आहे गं, हाताला झटका नाही लागत. मला इतका आनंद झाला की मी दारात उभ्या असलेल्या मामीला अंगठा दाखवला.

पाचव्या नटावर त्यानं गोटी बसवली, खटका दाबला.

घुंई.

नट गोटीबरोबर बाहेर आला. एकही ठोका पडला नाही.

मामानं खटका सोडला. गोटीतून नट काढून तळहातावर घेतला. रेघेचा एक तुकडा नटावर होता, दुसरा चाकावर, दोन्ही स्वच्छ. तीन महिने दर फेरीच्या आधी त्यानं वाकून ही रेघ बघितली होती आणि ती जागची हलली नव्हती, कारण नट फिरला नव्हता. तो बोटांनी बसवला होता तसाच, शेजारच्या चौघांच्या आधारानं उभा होता. तीन महिने, आठवड्यातून तीनदा, जाऊन येऊन चौऱ्याऐंशी किलोमीटर.

मी बोलायला लागले. नट आपोआपही ढिले होतात, मागे गंज असला की दाब जातो, एक नट गेला म्हणून चाक निघत नाही. मामा म्हणाला, "माझी रेघ आहे." मग म्हणाला, "मी पाच ऐकले होते. प्रत्येक चाकाला पाच. मी कधी चुकत नाही गं, मी दुसरं करतो काय?"

आणि तो शेवटचा नट कसा ओढला ते दाखवायला त्यानं उजवा हात उचलला. हातात पाना नव्हता. मोकळी मूठ त्यानं खालून वर ओढली.

टक्.

मी तीन फुटांवर होते, मला स्पष्ट ऐकू आलं. मामीलाही दारात ऐकू आलं असावं, कारण तिचा हात तोंडावर गेला. मामानं पुन्हा हात ओढला. टक्. त्याचा फाटलेला खांदा वाजत होता. वेदनेनं त्याच्या कपाळावर घाम आला तरी त्यानं तिसऱ्यांदा ओढला, आणि तिसऱ्यांदाही खांद्यानं हुबेहूब पान्यासारखा आवाज दिला. हाताला झटकासुद्धा तसाच बसत होता.

मामी म्हणाली, पुरे.

मामानं नट स्टुलावर ठेवला आणि जमिनीवर भिंतीला टेकून बसला.  मग बोलला तेव्हा आमच्याशी बोलत नव्हता. "हल्ली मला पाची ऐकू यायला लागले होते. दोन-तीन वर्षं झाली. त्या दिवसाचे पाची. म्हटलं, आठवलं शेवटी. म्हटलं, ओढले होते आपण."

"मामा, तेव्हा तुझा खांदा धड होता."

"खांदा धड होता. शेजारी चार गन चालू होत्या. काय वाजलं असेल, कुणाला माहीत." त्यानं डोळे मिटले. "तो मला विचारत होता ना, झालं ना म्हणून. मी कानावर भरवसा ठेवून सांगितलं."

यावर माझ्या तक्त्यात काही नव्हतं. मी इंजिनिअर आहे, मला दोन्ही बाजू मांडता येतात. पण या नटानं त्या नटाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हे वाक्य मी मनात तयार केलं आणि बोलले नाही. कारण ते खरं असूनही त्याच्याकडून काही तरी नेलं गेलंच होतं. इतक्या वर्षांनी मिळालेले तीन आवाज.

थोड्या वेळानं तो म्हणाला, ताईला दुसऱ्या कुणाच्या गाडीनं पाठव. ही गाडी विकून टाका. त्याच्या आवाजात राग नव्हता, फक्त काम संपवल्यासारखं काही होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मामी आत गेली. मला वाटलं, पाणी आणायला. ती पदर खोचून आली. मामीनं तीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलं आहे. तिच्या दंडाकडे बघून गिऱ्हाईकं उधारी मागत नसत. ती मला म्हणाली, ते ब्रेकचं काय ते तू कर, हे सांगतील तसं. आणि नट कसे ओढायचे ते मला दाखव.

पॅड मी बदलली. मी स्प्रिंग उलटी लावायला गेले तेव्हा मामातला कारागीर न राहवून बोलला. चाकं बसली, गाडी खाली आली. मामीनं टॉर्क पान्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला. एकशे दहा म्हणजे त्या दांड्याच्या टोकाला बावीस किलो ओढणं. तिनं ते कपड्याची घडी दाबावी तसं केलं. टक्. "एक," ती मोठ्यानं म्हणाली. मग मामासमोर हात पसरला. "खडू द्या."

मामानं कानामागचा खडू काढला, पण मुठीतच ठेवला.

"अहो, द्या. ज्यानं ओढला त्यानं रेघ मारायची. तुमचाच नियम ना?"

मामाची मूठ उघडायला वेळ लागला. मामीनं स्वतःच ती उघडली नाही, वाट बघितली. मग खडू घेतला आणि पहिली रेघ मारली. चांगलीच जाड मारली, वेडीवाकडी. दुसऱ्या नटाला पुन्हा ओढणं, पुन्हा मोजणं, पुन्हा खडू. एकेक. उजव्या चाकाचेही पाच. नंतर मागच्या दोन्ही चाकांचे दहाही तिनं ओढले, कारण तेही त्याच खांद्यानं आवळलेले होते. मामा भिंतीपाशी बसून ऐकत होता. त्याचे ओठ हलत नव्हते.

मंगळवारी पहाटे मामा आईला घ्यायला आला तेव्हा मामी मागच्या सीटवर होती, मांडीवर फडक्यात गुंडाळलेला पाना. पन्नास किलोमीटर झाले की रस्त्यात उतरून ती नट पुन्हा ओढणार होती. मामानं आईला दार उघडून दिलं नाही. आधी तिच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, तीन महिने काय घेऊन फिरत होतो ते. आईनं ऐकून घेतलं. म्हणाली, "माझं रक्त धुवायला नेत होतास आणि वाटेत सांडायचा बेत होता होय?"

मामा हसला नाही. आईनं मग त्याच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी हलका. "त्या अकरा दिवसांत तू रोज संध्याकाळी त्या मुलाच्या हॉस्पिटलबाहेर जाऊन उभा राहायचास, ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "मीच तुला परत आणायला यायला हवं होतं. मी आले नाही. आता चल."

ती बसली, पट्टा लावला, आणि सवयीप्रमाणे काच खाली करून विचारलं, झालं ना सगळं?

मामा फेरी मारायला वाकला होता तो तसाच थांबला. मागून मामी म्हणाली, "झालं."

मामा सरळ उभा राहिला. त्या दिवशी त्यानं रेघा बघितल्या नाहीत. गाडी चालू करायला मात्र त्याला खूप वेळ लागला.

या गोष्टीला आता वर्ष होईल. आईची फेरी एकदाही चुकलेली नाही. घरातल्या रेघा कमी झालेल्या नाहीत. फक्त काही जाड आणि वाकड्या असतात, त्या मामीच्या. चाकं काढायची वेळ आली की मी जाते. आवळायचं काम मामीचं, रेघही तिचीच. पण काढायचं काम मामा दुसऱ्या कुणाला देत नाही. तो स्टुलावर बसतो, पुढच्या डाव्या चाकापासून सुरू करतो आणि पाचवा नट सगळ्यात शेवटी ठेवतो.

खटका दाबल्यावर हातोडा ठोके द्यायला लागायच्या आधी मोटर क्षणभर नुसती फिरते. यंत्र तपासताना मी तो क्षण मोजला आहे, तो पाव सेकंदाहूनही कमी भरतो. पण त्या वेळात मामा शेडमध्ये नसतो. कुणी तरी किल्ली बोटावर फिरवत त्याच्यासमोर उभं असतं. मग टर्रर्र सुरू होतं, नट सुटतो, आणि मामा तो तळहातावर घेऊन, रेघ वर करून, माझ्या हातात देतो.